ज्याला भोक दिसेल त्यानं

ज्योत्स्नानं तलावाच्या पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली उभं राहून मोबाईल बंद केला, पुन्हा चालू केला. रेंजच्या दोन काड्या आल्या. तिनं संस्थेचे मेल उघडले. एकही नव्हता. काल संध्याकाळपर्यंत जिथे कित्येक वर्षांचे मेल एकाखाली एक पडून होते, तिथे आता मासोळ्या वाटून झाल्यावर झटकून पालथी घातलेल्या टोपलीसारखं सगळं रिकामं.

ती तरातरा पाळ उतरली. मच्छीमार संस्थेची खोली तलावाच्या पाळीला लागूनच होती. आत टेबलाशी डिंपल बसली होती, पुढ्यात लॅपटॉप, आणि खुर्चीमागं चार-पाच सभासद माना लांब करून उभे.

"माझ्या मोबाईलातले मेल कुठी गेले?"

"गेले नाई, काकू. सगळे इथी आले," डिंपल मान न वळवता म्हणाली. "हा प्रोग्राम वरचे मेल खाली ओढून घेते. एकदा आले का मंग नेट राहो का न राहो, दिवसभर वाचत बसा."

"नेट नाई, तरी मेल दिसून राह्यले, बाई," म्हातारा बिरजू गालातला तंबाखूचा खर्रा सांभाळत म्हणाला. "आता तुमाले उन्हात पाळीवर नाचायचं काम नाई."

ज्योत्स्नानं पडद्याकडं पाहिलं. तिचेच मेल होते. साल लावून, खण पाडून, नीट रचलेले. कुणी आपल्या घरातली भांडी न विचारता उचलावीत, शेजारच्या फळीवर ओळीनं मांडावीत आणि वर म्हणावं, बघा कशी शोभतात.

"मले विचारलं काऊन नाई?"

"विचारायचं काय त्यात? मेल तं संस्थेचे हायेत ना, काकू."

काकू. बिरजूसारखा सत्तरीचा माणूस तिला बाई म्हणायचा. अध्यक्ष मुखरूभाऊ बाई म्हणायचे. 'बाई' हे संस्थेच्या कामातून मिळालेलं नाव होतं, कुणाच्या नात्याचं नव्हे. आणि ही नागभीडहून मुखरूभाऊंची सून होऊन आलेली पोरगी एका शब्दात तिला चुलीपाशी नेऊन बसवत होती.

गावात रेंज नव्हती. होती ती पाळीवर, तीही फक्त मोहाखाली. बाई पाळीवर गेल्या म्हटलं की गडी हातातलं काम टाकून मागोमाग चढत आणि उकिडवे बसत. ज्योत्स्ना मोबाईल डोळ्यांजवळ धरून मेल मोठ्यानं वाचायची. सरकारच्या वरच्या कार्यालयाची भाषा कुणाला कळू नये अशीच लिहिलेली असते. ती वाक्य तोडून, चावून सांगायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आपली आपणच ठेचा खात ती शिकली होती. मग संध्याकाळी कुणी पळसाच्या पानात झिंगे बांधून तिच्या दाराशी ठेवून जाई. "मेल आला का, बाई?" हा गावाचा रामराम होता.

डिंपलनं आल्या आल्या संस्थेच्या कपाटात धूळ खात पडलेला लॅपटॉप पुसून काढला. नवऱ्याचा मोबाईल पिशवीत बांधून बांबूच्या टोकाला लावला आणि तो बांबू छपराच्या कवेलूंवर उभा केला. एवढ्यानं खोलीत नेट आला. त्यात तिनं हा कुठला तरी मेलचा प्रोग्राम टाकला. पाळ चढायची गरज संपली. उकिडवे बसणारे गडी आता खुर्चीमागं उभे राहू लागले.

"फुकटचं हाये म्हणे ते," ज्योत्स्ना एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाली.

"हो. पैसे नाई लागत."

"फुकटचं देणारा कोण उदार बाप हाये तिकडं? उद्या बंद केलं तं?"

"एका मालकाचं नाईच ते, काकू. जगातले लोक मिळून बनवतात."

"म्हंजे कोणाच्याच बापाचं नाई."

सभासद हसले. ज्योत्स्नाला बरं वाटलं. डिंपलही हसली, तेव्हा ते बरं वाटणं गेलं.

त्या दिवसापासून ज्योत्स्ना रोज दुपारी, डिंपल जेवायला घरी गेली की लॅपटॉपपुढं बसू लागली. शिकायला नव्हे. खोट काढायला. नवी सून भात वाढते तेव्हा सासू खडा शोधत जेवते, तशी ती एकेक खण उघडून बघायची. आणि खडे सापडत होते. 'नकाशा' असा शब्द शोधायला दिला की ते यंत्र इतका वेळ घ्यायचं की तोवर चहा होईल, आणि शेवटी नकाशा सोडून बाकी सगळं पुढ्यात आणून टाकायचं. जुन्या पद्धतीनं टाईप केलेले मराठी मेल त्यात किडे-मुंग्यांसारखे दिसायचे. मोठी फाईल जोडली की पडदा थिजायचा. आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे सगळे मेल या एका डब्यात आणून कोंडले होते.

"हा डबा तलावात पडला तं?" तिनं भर सभेत विचारलं.

"तं गेले मेल," डिंपल म्हणाली. "खरं हाये, काकू. मी घाईत लावलं ते. हे कमीच हाये."

दरवेळी हेच. शोधायला वेळ लागतो? हो, लागते. मराठी दिसत नाही? हो, जुनं दिसत नाई. समोरच्यानं मान्य केलं की भांडायचं कशाशी? ज्योत्स्नाला वाटे, हिनं एकदा तरी खोटं बोलावं. एकदा तरी म्हणावं, तुमाले काय कळते.

चांगलं होतं, तेही तिला दिसत होतं. मोबाईलवर मेलच्या डोक्यावर कर्जाच्या आणि साड्यांच्या जाहिराती येत. इथे एक नव्हती. वरच्या कार्यालयाचे मेल आपसूक वेगळ्या खणात जाऊन बसत. अर्धा लिहिलेला मेल वीज गेली तरी जागच्या जागी सापडे. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. जीभ जड झाली असती.

"इतके दोष हायेत तं वापरते काऊन?" एकदा तिनं विचारलं.

"दोष दिसला का कळवायचा. लिहून पाठवता येते त्यांले. मंग कुठी तरी कोणी तरी बसून तेवढी दुरुस्ती करते. कोणी केली, ते आपल्याले माहीत बी नाई राहात."

बिरजूनं बाहेर जाऊन पिंक टाकली आणि परत आला. "म्हंजे आपल्या जाळ्यावानी."

पाळीवर बांबूंना सगळ्यांची जाळी वाळत टांगलेली असायची. गावची रीत होती की जाताजाता ज्याला भोक दिसेल त्यानं तिथल्या तिथं गाठ मारायची. जाळं कुणाचं का असेना, वैऱ्याचं का असेना. मालकाला सांगायचं नाही आणि मालकानंही विचारायचं नाही. प्रत्येकाची गाठ वेगळी, बघणाऱ्याला ती कुणाची ते कळतंच. पण तोंडातून काढायचं नाही. फाटकं जाळं पाण्यात गेलं तर नुकसान एकट्याचं होत नाही, एवढं साधं ते होतं.

"अगदी तसंच, आजोबा," डिंपल म्हणाली.

ज्योत्स्नाला ते झोंबलं. हे जाळ्याचं आपल्याला सुचायला हवं होतं. जाळी आपली, रीत आपली, आणि मान डोलावून गेली ती नागभीडवाली.

धान कापणीला आला तेव्हा वरच्या कार्यालयाचा मेल आला. हे कार्यालय असं की माणूस गेला तर मेल करा म्हणायचं, आणि मेल केला तर माणूस पाठवा. या वेळी मात्र स्पष्ट लिहिलं होतं: तलावाचा ठेका पुढं संस्थेकडंच हवा असेल तर सभासदांचा ठराव आणि तलावाचा नकाशा शुक्रवारी कार्यालय बंद व्हायच्या आत मेलनं पोचला पाहिजे. नाही पोचला तर तलाव लिलावात. लिलावात म्हणजे कुणी बाहेरचा गाड्या घेऊन येणार, पाळीवर चौकीदार बसवणार, आणि पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या ढिवरांनी आपल्याच तलावात रोजीनं जाळं ओढायचं.

गुरुवारी दुपारी डिंपलनं मेल तयार केला. नकाशा मोठा होता. नेमका त्या दिवशी टॉवर मेला होता, बांबूवरचा मोबाईल नुसता लटकत होता. प्रोग्राम दर घटकेला तक्रार करू लागला, तशी तिनं त्याची नेटची जोडणीच तोडून ठेवली, मेल पुरा केला आणि बटन दाबलं. मेलची खिडकी मिटली.

"गेला?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"गेला. म्हंजे, नेट आला का आपोआप जाते."

मागच्यांनी 'गेला' एवढंच ऐकलं. भावाचं लग्न ठरलं होतं, त्याच्या साक्षगंधासाठी डिंपल आणि तिचा नवरा संध्याकाळच्या बसनं मूल गावावरून नागभीडला गेले. बांबूवरचा मोबाईलही त्यांच्यासोबत गेला.

शुक्रवारी सकाळी मुखरूभाऊ ज्योत्स्नाच्या दाराशी आले.

"बाई, पोच आली का पाहून घेता काय जरा? आणि एक सांगतो. हा ठेका हाती आला का सोमवारच्या सभेत मेलचं काम सुनेच्याच नावानं करून टाकू. तुमचे बी गुडघे दुखतात. किती दिवस पाळ चढान?"

"माझे गुडघे कधी दुखले, मुखरूभाऊ?"

"नाई, म्हंजे दुखतीलच ना आता."

ज्योत्स्ना खोलीत आली. लॅपटॉप उघडला. डाव्या बाजूला न गेलेल्या मेलांचा खण ठळक काळा दिसत होता. आत एकच मेल. ठराव, नकाशा, सगळं जोडलेलं, जागच्या जागी.

तिला समजायला क्षणही लागला नाही. ही खोट तिनं मागंच हेरली होती. जोडणी तोडून ठेवली असली तर नेट आला तरी हा प्रोग्राम मेल पाठवत नाही. कुणीतरी हातानं पुन्हा जोडावं लागतं, मग तो विचारतो, पाठवू का? कोपऱ्यात एवढीशी खूण असते, तेवढीच. बाकीच्या खोटा तिनं चावडीवर टांगल्या होत्या. ही एक राखून ठेवली होती. कशासाठी, ते तिला तेव्हा माहीत नव्हतं.

मुखरूभाऊंनी दारातून डोकावलं. "आली पोच?"

"अजून नाई."

"येईल. सुनेनं कालच पाठवला ना."

ते गेले. ज्योत्स्ना एक अक्षर खोटं बोलली नव्हती. तिनं लॅपटॉप मिटला, घरी गेली, भात टाकला, जेवली, भांडी घासली. एक पातेलं दोनदा घासलं. ती विसरली होती, असं म्हणण्यात अर्थ नाही. तिला सगळं आठवत होतं आणि तिनं दुपार जाऊ दिली. काहीच करायचं नव्हतं. नुसतं घरी बसायचं होतं. सोमवारी गाव म्हणालं असतं, त्या फुकटच्यानं तलाव बुडवला, नागभीडवालीनं बुडवला. मग सगळे पुन्हा पाळ चढले असते. मोहाखाली उकिडवे बसले असते. तलाव राहिला नसता, पण बाई राहिली असती.

घरात बसवेना म्हणून ती पाळीवर आली. मोबाईलही सोबत घेतला नाही. बांबूंवर जाळी हलत होती. ती त्यांना खांद्यानं बाजूला सारत चालली आणि एका जाळ्यात तिचं बोट अडकलं. हात जाईल एवढं भोक. खाली तुटका दोरा लोंबत होता. तिनं तो उचलला, दाताखाली ओला केला, फिरवला, ओढला. बापाकडून उचललेली दुहेरी पिळाची गाठ. ती आवळून झाल्यावर तिनं वर पाहिलं. बांबूवर निळी चिंधी. मुखरूभाऊंचं जाळं.

"आग लागो," ती मोठ्यानं म्हणाली.

तिनं गाठ सोडायला घेतली. नखं लावली. सुटेना. तिची गाठ कधीच कुणाला सुटत नसे, तिला स्वतःलाही नाही. तलावाच्या पाण्यात उन्हाची तिरीप लांब झाली होती. पलीकडच्या काठाला कुणी तरी गुडघाभर पाण्यात उभं राहून जाळं फेकत होतं आणि ते पाण्यावर गोल उघडत होतं.

ती पळत खाली गेली. या वयात पळताना लोकांनी पाहू नये म्हणून मागच्या वाटेनं गेली. घरून मोबाईल उचलला, खोलीतून लॅपटॉप दुपट्ट्यात गुंडाळला आणि मोहाच्या मुळीवर येऊन बसली. मोबाईलचा नेट लॅपटॉपला दिला. जोडणी लावली. प्रोग्रामनं इंग्रजीत विचारलं, न गेलेला मेल आता पाठवायचा का? तिनं हो म्हटलं.

नकाशा जड होता. पडद्यावरची हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकली, मध्यावर थांबली, आणि रेंज गेली. पाठवता आला नाही, असं यंत्रानं सांगितलं. ज्योत्स्नानं त्याला, त्याच्या बनवणाऱ्यांना आणि नागभीडच्या सगळ्या गल्ल्यांना शिव्या दिल्या. पण मेल हरवला नव्हता. नकाशा, ठराव, मजकूर, सगळं त्या खणात तसंच बसून होतं. तिच्या मोबाईलात असं झालं की एकेक फाईल पुन्हा पहिल्यापासून जोडावी लागे. हे चांगलं होतं. ते चांगलं आहे याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

तिनं लॅपटॉप डोक्यावर धरला, मोहाच्या पलीकडच्या अंगाला गेली आणि पुन्हा पाठवलं. पट्टी सरकली. तिनं श्वास धरला, जणू श्वासानं रेंज तुटेल. खण रिकामा झाला. थोड्या वेळानं 'टुण' असा आवाज आला. मिळाला, एवढंच कार्यालयानं कळवलं होतं.

पाळीच्या पायथ्याशी मुखरूभाऊ आणि बिरजू बोलत उभे होते.

"आली का हो, बाई?"

"आली."

"सांगितलं ना तुमाले! कालच पाठवला सुनेनं. त्या मशीनचं कामच पक्कं हाये."

ज्योत्स्नाच्या ओठांपर्यंत सगळं आलं. बिरजू तिच्या हातातल्या दुपट्ट्याकडं पाहत होता, मग वर पाळीकडं, निळ्या चिंधीच्या जाळ्याकडं. त्यानं खर्रा या गालातून त्या गालात घेतला.

"हो, पक्कं हाये," ज्योत्स्ना म्हणाली आणि घरी गेली.

सोमवारच्या सभेत मेलचं काम डिंपलच्या नावानं झालं. टाळ्या पडल्या. ज्योत्स्नानंही वाजवल्या, तिचा एक हात दुसऱ्याला मारत होता. डिंपलनं लाजत लॅपटॉप उघडला, सभासदांना दाखवायला म्हणून गेलेल्या मेलांचा खण काढला, आणि बोट तिथंच राहिलं. गुरुवारी पाठवलेला मेल शुक्रवारी दिवस कलताना गेलेला दिसत होता. तिनं वर पाहिलं. ज्योत्स्ना भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथ्या वाचत होती.

"दाखव ना, बेटा," मुखरूभाऊ म्हणाले.

"दाखवतो, मामाजी," डिंपल म्हणाली आणि दुसराच खण उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्ना सवयीनं पाळीवर गेली. आता तिथं तिचं काही काम नव्हतं. मोहाखाली चपला काढून, पाय पसरून ती बसली आणि मांडीवरचा मोबाईल थरथरला. पुन्हा थरथरला. मग थांबेचना. मेल पडत होते. मागच्या पावसाळ्याचे, त्याच्या मागचे, बोटुकली मत्स्यबीजाचे, जाळ्यांच्या अर्जाचे, एकाखाली एक, जुन्या जागी. आपली भांडी घरी परत आली होती. पण डिंपलनं घासून दिलेली.

पाळीवर पावलं वाजली. डिंपल लॅपटॉप छातीशी धरून आली आणि थोडी दूर उभी राहिली.

"सेटिंग बदलली. आता दोन्हीकडं राहतील. पहिलेच असं करायले पाहिजे होतं, बाई."

ज्योत्स्नानं तो शेवटचा शब्द ऐकला. मान वळवली नाही.

"मले काऊन सांगून राह्यली?"

"असंच." डिंपलनं बांबूंकडं पाहिलं. "मामाजींच्या जाळ्यात मस्त गाठ हाये. अशी इथी कोण मारते?"

"मले काय माहीत."

"मले बी नाई." डिंपलनं लॅपटॉप उघडला. "त्या बनवणाऱ्यांले लिहायचं हाये. जोडणी तोडलेली असली तं मेल अडकून राहते, आणि ते धडपणे सांगत बी नाई. मी फसली त्याच्यात. म्हटलं, लिहूनच राह्यलो तं सगळंच लिहू. काय काय कमी हाये ते तुमाले पाठ हाये."

ज्योत्स्नानं तिच्या कीबोर्डवर तयार ठेवलेल्या बोटांकडं पाहिलं. लांब, चपळ, बिनकामाची नखं रंगवलेली बोटं. तिला ती आजही पाहवत नव्हती. तिनं मुळीजवळच्या आपल्या चपला पायानं जराशा बाजूला सारल्या. एकीला बसता येईल, एवढीच जागा झाली.

"लिही," ती म्हणाली. "पहिलं म्हंजे शोधायले बसलं का चहा होते."

डिंपल टाईप करू लागली.

"आणि खाली नाव माझं टाकजो. पुरं टाकजो."